चाळीस मीटर

एदुविना नाउतोचं घर आज टेकडीवर निघालंय.
खरोखरच निघालंय: ओंडक्यांवरून,
बैलांच्या नऊ जोड्यांमागून,
काठोकाठ भरलेलं पातेलं दोन्ही हातांत धरून
कुणी उंबरा ओलांडावा, तसं.

चिलोए बेटावर ही रीतच आहे.
जागा सोडावी लागली तर माणसं घर सोडत नाहीत, ओढून नेतात.
शेजाऱ्यांना निरोप जातो, दोर येतात,
मजुरी कुणी मागत नाही, जेवण मात्र पोटभर.

मलाही निरोप आला. तिच्या धाकट्यानं आणला.
मला वाटलं होतं, येणार नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच नावेतून जायचो,
सॅल्मनच्या पिंजऱ्यांखालचं पाणी बाटल्यांत भरायला.
त्या मार्चमध्ये तळाला प्राणवायू भरला
एक पूर्णांक आठ.
कागदाला हवा होता अडीच.

बुल्नेस साहेब ओरडले नाहीत.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
मातेचा पेला पुढे करत म्हणाले,
खोटा आकडा लिहायला कोण सांगतंय?
नाव जरा सरकवा. चाळीस मीटर.
तिथे प्रवाह आहे,
आणि पाणी तेही समुद्राचंच.

"पिंजरा इथे आहे," एदुविना म्हणाली.
एवढंच. भाषण नाही, टेबलावर मूठ नाही.
बाटलीवर तारीख घातली, एक पूर्णांक आठ लिहिलं
आणि बूट बदलायला गेली.

मी नाव सरकवली.
सुकाणूला दोन बोटं लावली की झालं,
इतकं हलकं होतं ते.

कारणं होती माझ्याकडे.
मुलीच्या दातांच्या तारा, कास्त्रोच्या दवाखान्याचे हप्ते,
छपराचा एक कोपरा गळका.
कारणं खरी होती, हे मी आजही नाकारत नाही.
फक्त तिच्याकडेही होती:
गुडघ्यांनी जायबंदी आई, दोन पोरं,
आणि घराखालची जागा कंपनीच्या नावावर.
मला हे सगळं माहीत होतं.
नावेत माणूस दुसरं काय बोलतो?

पुढे ती ओहोटीच्या वेळी लाल शेवाळ वेचू लागली,
कमरेइतक्या पाण्यात, जूनच्या थंडीतही.
मी नावेतून जाताना हात करायचो.
तीही करायची.
तिनं राग धरला असता
तर तिच्याविरुद्ध माझ्या हाती काहीतरी आलं असतं.

आता तिथे कंपनीचं गोदाम येतंय.
म्हणून घर वर चाललंय, मावशीच्या बटाट्याच्या शेतात.
तिच्या बापानं बांधलेलं,
माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्यांचं,
पावसानं राखाडी पडलेलं.

मी डाव्या दोराला, अकरावा.
डॉन हुवेनाल बैलांना हाळी देतो,
"क्लावेल! लुसेरो! चला रे!"
दोर ताणतो, घर कण्हतं,
वीतभर पुढे सरकतं.
मग थांबायचं. मागचा ओंडका काढून पुढे आणायचा.
मग परत वीतभर.
चिखलात कुणाचा तरी बूट रुतून राहिला,
त्यावर सगळे हसले, मीही हसलो.

मागून कुणीतरी विचारलं,
"सकाळपासून किती झालं?"
हुवेनालनं डोळे बारीक करून खाली पाहिलं.
"चाळीसेक मीटर."

एदुविना ओंडक्याला वंगण चोपडत होती.
तिनं मान वर केली नाही.
तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे.
मला गेलं.

दुपारी चुलीवरच्या मिलकाओ आल्या,
किसलेल्या बटाट्याच्या, आत डुकराची चरबी, बोटं भाजणाऱ्या.
वाढताना तिनं माझे तळवे पाहिले.
फोड आले होते, एक फुटलाही होता.
"मीठ लागू देऊ नकोस," म्हणाली.
"आणि उद्या ये. खरा चढ उद्याच आहे."

उद्या सोमवार.
चोवीस बाटल्या धुऊन
नावेत पालथ्या घालून आलोय मी.

"बघतो," म्हणालो,
आणि आणखी एक मिलकाओ मागितली.