सदर ध्वनी

तंबोऱ्याची जवारी कशी काढायची
एवढंच दाखवलं होतं आमच्या तौफिकनं मोबाईलवर.
चार मिनिटं. मागं अर्धं शटर,
कुणाची तरी बकरी.

नोटीस दिल्लीहून आली:
सदर ध्वनी आमच्या कंपनीच्या मालकीचा.
सदर ध्वनी म्हणजे षड्ज.
नुकसानभरपाई वीस लाख;
पंधरा दिवसांत साठ हजार भरल्यास
विषय मिटेल.

सांगलीचे वकील चष्मा पुसत म्हणाले,
जिंकाल हो.
जिंकायला तीन लाख लागतील.

दोन तंबोरे गेले,
गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात.

आता मिरजेत भर दुपारी
तार लावायच्या आधी तो दार लावतो.
घोडीवरचा दोरा केसभर सरकवतो,
कान देतो,
आणि आवाज खुलतोय म्हणेपर्यंत
तारेवर बोट ठेवतो.