तिरक्या रेघेनंतर

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात, एकशे बाराव्या गाळ्यात
भानुशालींच्या हर्षिलनं फोनमध्ये बॉट बसवला
आणि म्हणाला, ज्ञानूकाका, वही बंद.
आता यालाच सांगायचं.

सांगायचं कसं, ते त्यानं
काट्यामागच्या पत्र्यावर खडूनं लिहून दिलं:
/आवक माल गोण्या गाळा

मी तोलार. बत्तीस वर्षं काट्यापाशी बसलोय.
माझ्या बोलण्यात शब्द कुठंही पडले तरी माल पोचतो.
'चाळीस गोण्या एकशे बारात टाक' म्हणा,
नाहीतर 'एकशे बारात टाक रे चाळीस गोण्या',
हमाल पाठ वाकवतो आणि बरोबर तिथंच उतरवतो.
मेढ्याच्या शाळेत गुजरबाईंनी
छडीच्या तालावर घोकून घेतलेलं,
स ला ते, ने ए शी, ऊन हून, त ई आ.
त्या शेपट्या शब्दाला धरून असतात.
शब्द कुठंही जाऊन बसला
तरी कुणी, कुणाला, कुठून, कुठं
हे विसरत नाही.

बॉटला शेपट्या कळत नाहीत.
त्याला फक्त रांग कळते.
पहिल्याच दिवशी मी लिहिलं,
/आवक कांदा ११२ ४०
आणि चाळीस नंबरच्या गाळ्यात, जिथं सोमा शिंगाडे लसूण विकतो,
एका क्षणात एकशे बारा गोण्या कांदा येऊन पडला.
फोनमध्ये.
सोमा दुपारी आला, काट्याला नमस्कार केला,
म्हणाला, ठेवून घेऊ का?

दुसऱ्या दिवशी 'लाल कांदा' लिहिलं.
बॉट म्हणाला, 'कांदा' हा आकडा नाही.
म्हणजे 'लाल' हाच त्यानं माल धरला
आणि कांदा गोण्यांच्या जागी मोजायला घेतला.
दोन शब्दांमधली मोकळी जागा
आपल्याला श्वास, त्याला भिंत.
हर्षिलनं दाखवलं, दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावा,
मग ते एकच.
हे मला लगेच कळलं.
गोणीचं तोंड सुतळीनं शिवतात, तसं.

तारीख नाही दिली तर तो आजची धरतो.
बरं आहे. आपण तरी दुसरं काय करतो.

मग मार्गशीर्षात एका रात्री दीडला
बामणोलीहून फोन आला.
कोपरखैरण्याच्या खोलीत दिवा न लावता
मी लिहिलं, /मदत सुट्टी
उत्तर आलं:
/सुट्टी ‹नाव› ‹दिवस› [कारण]
हर्षिलनं सांगितलेलं, टोकदार कंसातलं द्यावंच लागतं.
चौकटी कंसातलं दिलं तर दिलं.

बत्तीस वर्षांत
मुकादमानं पहिलं विचारलं ते कारण.
नाव त्याला ठाऊक, दिवस तोच ठरवणार.
कारणापायी एकाच काकाला मी तीनदा मारलाय.
खरं कारण असायचं तेव्हा
जीभ टाळूला चिकटायची.
आणि हा म्हणतोय, नसलं तरी चालेल.

/सुट्टी "ज्ञानू ढेबे" ४
इथवर लिहिलं आणि बोट थांबलं.
पुढं मोकळी जागा, कुणी काही विचारत नव्हतं.
म्हणूनच असेल, लिहावंसं वाटलं.
अक्का गेली.
सुतळी राहिली.

बॉट म्हणाला:
मंजूर. दिवस ४. कारण: अक्का.

'गेली' त्याच्या हाती लागलंच नाही.

पाचव्या दिवशी आलो, काटा पुसला,
वजनं जागेवर लावली.
नोंद तशीच होती.
हर्षिलनं पाहिली, जरा घुटमळला.
काका, दुरुस्त करू का?
म्हटलं, राहू दे. बरोबर आहे.

बाहेर लासलगावची गाडी लागलेली,
फाळका पडल्याचा आवाज आला.
मी तिरकी रेघ टाकली.
/आवक "लाल कांदा"
आणि गोण्या मोजायला उठलो.