रात्रीची चावी

दारखानचं इस्पितळ. बाहेर उणे एकतीस.
दाम्दिन आजोबांना मी विचारते,
शून्य ते दहा, दुखणं किती?
ते म्हणतात, बरंय.
मी दोन लिहिते.
चौकोन भरला की कागद गप्प बसतो.

पुढे कळलं, त्यांच्या दुखण्याला आकडा नव्हता,
अंतर होतं.
ते सांगत फक्त फरशी पुसणाऱ्या सुवदाला,
तीही घोड्यांतच वाढलेली :
आज दुसऱ्या टेकडीपाशी आहे.
आज नदी ओलांडून आलं.
काल रात्रभर दारात उभं होतं,
खोगीर न उतरवता.

सुवदा फडकं पिळता पिळता म्हणाली,
"दोन कसले लिहिता, बाई?
पहाटे त्यांचा टॉवेल बघा.
दातांनी कुरतडून कड गेलीय."

तो टॉवेल मी डॉक्टर खुलानच्या टेबलावर ठेवला,
रिपोर्टांच्या वर.
त्या कडेवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

औषधभांडारातून बाझार आले, कपाळाला आठ्या.
मॉर्फिनच्या कपाटाची चावी त्यांच्या गळ्यात,
सहाच्या ठोक्याला ती त्यांच्याबरोबर घरी जायची.
आणि दुखणं निघायचंच मुळी सहानंतर.
"एक थेंब कमी भरला तर आत मी जाईन," ते म्हणाले.
खोटं नव्हतं ते.
"सवय लागेल," असं मीही म्हणाले होते ना,
मागच्या हिवाळ्यात, दुसऱ्या एका खाटेपाशी.
ते वाक्य अजून घशाखाली उतरलेलं नाही.

भांडलो. मिठाच्या चहावर साय धरली.
शेवटी एक वही, दोन सह्या,
चावी वॉर्डात.
सुवदाला कुठल्या रकान्यात बसवायचं, कळेना.
बाझारांनीच पट्टी घेऊन नवा आखला :
कुणी पाहिलं.

आजोबांनी चमच्याकडे पाहून तोंड मिटलं.
"हे शेवटचं देतात ना?"
खुलान खाटेवर टेकल्या, बुटांसकट, घाईत नसल्यासारख्या.
"नाही. हे चार तासांनी पुन्हा देतात."

रात्री दोनचा मी दिला.
सहाचाही.
गाठ होती तेवढीच होती.

सकाळी मी आकडा विचारला नाही.
"कुठवर आलंय?"
त्यांनी डोळे किलकिले केले, लांबचं बघावं तसे.
"नदीपलीकडे. चरतंय."
मग पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं :
एक नवा टॉवेल.
तोंड धुवायचंय म्हणाले.