दोऱ्याला बांधलेला घास

खेचर आधी उतरतं, मग मी,
मग राजधानीतून आलेली पोरं, दगडाला धरून, गुडघे लटपटत.
मी कासिमीरा. या घळीत वाट दाखवायचं काम
आधी बापाकडे होतं. त्याच्या आधी कुणाकडेच नव्हतं,
वाट विचारायलाच कुणी येत नव्हतं.

दोन्ही अंगांना समुद्र, मधे हा वाळलेला हात,
बाराशे किलोमीटर, आणि त्यात धड एक नदी नाही.
पाऊस येतो तो दूरच्या पाहुण्यासारखा,
दोन-तीन वर्षांनी, न कळवता,
आणि जाताना भांडी फोडून जातो.

गुहेच्या छतावर ते उभे आहेत.
अर्धे लाल, अर्धे काळे. चेहरे नाहीत.
अंगावरून हरणं पळताहेत.
एक देवमासाही आहे,
इथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर.

एवढ्या उंच हात पोचला कसा?
पाद्रीनं विचारलं तेव्हा इथले लोक म्हणाले,
आम्ही नाही काढलं. उत्तरेकडून राक्षस आले होते.
पाद्रीनं तसंच लिहून घेतलं.
मला विचाराल तर निवडुंगाच्या फासळ्यांचा माच बांधला असेल,
बकऱ्यांचं छप्पर मी त्यावरच चढून शाकारते.
पण मला कोण विचारतं.

पाद्रीबरोबर देव आला
आणि त्याच गलबतातून देवी आली.
शंभर वर्षांत हाक मारायला माणूस उरला नाही
त्या भाषेत.
आम्ही त्यांचे नव्हे, मिशनच्या शिपायांचे वंशज,
निदान चर्चच्या वहीत तसं आहे.
मिरेया माझ्या गालफडांकडे बघते
आणि काही बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी चाळणीत दोरा आला.
वीतभर, घायपाताचा, एका टोकाला गाठ.
मिरेयानं चिमट्यानं उचलला, पिशवीत घातला,
वर लिहिलं: दोरा. उपयोग अज्ञात.

मग मला राहवलं नाही.
म्हटलं, मांसाचा तुकडा बांधायचे म्हणतात.
न चावता गिळायचा, जरा वेळ पोटात ठेवायचा,
मग ओढून काढायचा, शेजारच्याला द्यायचा.
त्यानं गिळायचा.
गोल बसलेली दहा-बारा माणसं, एक घास,
संपेपर्यंत.

शी, म्हणाला चष्मेवाला पोरगा.
पाद्रीही तेच म्हणाला असणार, जरा लांबलचक लॅटिनमध्ये.

मी गप्प बसले.
ज्या वर्षी बकऱ्या मेल्या त्या वर्षी
आमच्या चार घरांत एक हाड फिरलं होतं.
सोमवारी एउस्ताकियाच्या पातेल्यात, मंगळवारी आमच्या,
प्रत्येकीनं एकच उकळी काढायची असं ठरलेलं.
शनिवारी ते चुलीजवळ पडलं होतं, शंखासारखं पांढरं,
आणि धाकटा ते कानाला लावून बसला होता.
उष्टं कुणाचं ते कुणी विचारलं नाही.

हे कुणाकडून ऐकलंस, मिरेया विचारते, पेन्सिल घेऊन.
बापाकडून.
त्यांनी?
त्याच्या बापाकडून. गोठ्यात कुणीतरी पुस्तक वाचून दाखवलेलं,
पाद्रीचंच असावं.
मग हे आमच्याकडे आहेच, म्हणते ती, आणि पेन्सिल ठेवते.
असेल. तुमच्याकडे हाड नाही.
हे मी मोठ्यानं म्हटलं नाही.

मी चीज कापलं. पोरगा दोन तुकडे जास्त खाऊन गेला,
त्याच सुरीनं, त्याच पानावरून.

उजेड कलायच्या आत फोटो काढायचा होता.
उंचीचा अंदाज यावा म्हणून भिंतीपाशी माणूस लागतं.
मोजपट्टी खेचरावर राहिली होती.
तू उभी राहा, मिरेया म्हणाली, सरळ,
टोपी काढ, आणि हात वर कर.

मी वर पाहिलं.
दोन्ही? म्हटलं.