बावीस हेक्टर

सोसायटीच्या रजिस्टरला मागची पानं कोरी होती.
पतिराम म्हणाला, "सचिवबाई, तुमी दहावी शिकल्या,
सांगा बरं आमाले, झेडपीच्या तिघांतला कोन परवडते?"
परवडते, म्हणाला. निवडायचा, नाही म्हणाला.
मी तीन उभ्या रेघा ओढल्या.

पहिल्या रकान्यात कापगते वकील.
पत्रक गुळगुळीत, त्यावर मासा छापलेला,
पण तो समुद्रातला, आपल्या पाण्यात नाही होत.
म्हणतात, ठेका उघड्या लिलावात काढू,
बाहेरचा माणूस साठ हजार देईल वर्षाला,
तिसरा हिस्सा गावाला.
वीस हजार. मी छत्तीस घरांनी भागायला गेले
आणि थांबले. घराला नाही, गावाला लिहिलंय.
गावाला म्हणजे चौकातल्या सिमेंटच्या गट्टूंना.
आपण मात्र आपल्याच तलावात रोजीनं, तीनशे रुपये.
किती दिवस, ते पत्रकात नाही.

दुसऱ्या, चांदेवारताई.
ठेका माफ. पाच वर्षं.
हे ऐकून बायांनी पाळीवरच टाळ्या वाजवल्या, मीही.
घरी येऊन मांडलं: साडेचारशे गुणिले बावीस,
नऊ हजार नऊशे. घरामागे पावणेतीनशे,
तेही वर्षाचे.
जाळ्याचा धागा येत नाही किलोभर.
आणि झेडपीला पैसाच नाही गेला
तर तलावाचं गेट कोण दुरुस्त करेल, विचारलं,
तर ताईंनी मुलाकडे पाहिलं,
मुलानं मोबाइलकडे.

तिसरा टेकराम लांजेवार. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता.
बोटुकली अर्ध्या किमतीत, बर्फाच्या पेट्या,
साकोलीच्या बाजारापर्यंत थंड गाडी.
मला हेच आवडलं,
म्हणून याचाच हिशेब जास्त कडक केला.
हेक्टरी पाच हजार पिल्लं, गुणिले बावीस:
एक लाख दहा हजार.
पैसा कुठला? जिल्हा निधीतला, म्हणाला.
म्हणजे ज्यातून अंगणवाडीचं छप्पर येणार होतं
गेल्या वर्षी, आणि त्याच्या आधीच्या.

आकडा मोठ्यानं वाचला.
चैतरामबुढा जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला,
"एवढी पोरं ठेवशीन कुठं वं?
तिकडे बेशरम, इकडे लोकायचं धान. पानी मधात."

तिन्ही पत्रकं पुन्हा उघडली.
तिघांतही बावीस.
कुठल्यातरी जुन्या कागदावरचं बावीस,
एकानं दुसऱ्याचं पाहून उतरवलेलं, जशी आम्ही गणितं उतरवायचो.

सकाळी चैतरामबुढा, मी आणि ओढजाळ्याचा दोर.
दर दहा मीटरला चिंधी बांधली.
लांबी चारशे, रुंदी सव्वातीनशे, तीही ओढूनताणून.
बेशरममध्ये पाय अडकला, चप्पल तिथेच आहे.
तेरा हेक्टर.

म्हणजे नऊ हेक्टरांचा ठेका आपण भरतोय,
दरवर्षी चार हजार पन्नास रुपये,
बेशरमच्या जांभळ्या फुलांचा,
आणि पाण्यात सरकत आलेल्या बांधांचा.
बांध कोणाचे, ते रजिस्टरात नाही लिहिलं.
सगळ्यांना ठाऊक आहे.

शनिवारी लांजेवारची गाडी पाळीवर आली.
मी विचारलं, "टेकराम, तलाव केवढा आहे रे?"
"बावीस हेक्टर," म्हणाला लगेच,
पाठ पाण्याकडे करून.
हार घालून घेताना पाठ तिकडेच येते,
त्याचा एकट्याचा दोष नाही.

गाडी गेल्यावर पतिराम जवळ आला.
"मंग? कोन परवडते?"
मी रजिस्टर मिटलं, ओला दोर उचलला.
म्हटलं, वकिलालाही बोलवायचं, ताईंनाही,
त्यांच्यासमोर परत मोजू. तोवर सरावासाठी
तू हे टोक धर
आणि तिकडे जाऊन उभा राहा,
तुझ्या साळ्याच्या बांधावर.