मागची काच

सव्वीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली लोरेटा हॅफ्नरने,
ताशी पस्तीस मैल, आणि डोळा सतत आरशात:
कोण उभं राहिलं, कुणी कुणाचा डबा पळवला.

आता झेन्सव्हिलच्या गाडीबाजारात दोन गाड्या,
दोन्ही वापरलेल्या, दोन्ही व्ही-एट, गियर दोन्हींना हाताचे.

निळी मस्टँग आधी.
पाचशे पंचावन्न नंबरच्या रस्त्यावर
टेकडीच्या माथ्याशी ती क्षणभर हलकी झाली
आणि मागचं अंग तिने द्वाड घोडीसारखं झटकलं.
लोरेटा शिवी हासडून हसली.
वाटलं, झालं, हीच.

मग राखाडी कॅमारो.
वळणात शिरली तशीच बाहेर आली, दोरा ओवावा तशी.
रस्त्याची खडीन् खडी बोटांना कळत होती.
पण काचा कसल्या, किल्ल्याच्या जंग्याच त्या.
समोरचं जेमतेम,
मागचं तर नाहीच.

विकणारा पोरगा, टकर, ओशाळला:
"खोट एवढीच हिची. मागचं काही दिसत नाही."

लोरेटाने आरशात पाहिलं.
बारीकशी फट, तीत चिमूटभर आभाळ.
"कागद आण," ती म्हणाली.

मस्टँगकडे वळून पाहिलं तिने, दोनदा.
खोटं कशाला बोला.

घरी जाताना रेल्वेचं फाटक उघडंच होतं,
तरी पाय आपसूक क्लचवर गेला.
थांबली, काच खाली केली, रुळांकडे कान दिला,
जशी रोज थांबायची, बेचाळीस पोरांना गप्प करून.
इंजिन गुरगुरत राहिलं.

मागून कुणीतरी हॉर्न मारला.
कोण ते दिसलंच नाही.