घेवड्याची रांग

कसबा बावड्यात, बालवाडीच्या मागं,
पाण्याच्या टाकीखाली चार हात जागा.
कारखान्याच्या मळीचा वास आज जरा जास्तच.
धणे चपलेखाली रगडले तेव्हा
शिफा म्हणाली, "बाई, त्यास्नी लागतंय की!"
मग उरलेले हातानंच फोडले,
हळू, एकेक.

घेवडा बोटाच्या दोन पेरांइतका खोल.
कुणाच्या बोटाच्या, हे ठरेना.
पृथ्वीराजनं शेंगदाणे पेरले चार,
खाल्ले अकरा.
संग्रामनं सदऱ्याचं बटण पुरलं
आणि माझ्याकडं बघितलं.
मी झारी भरत होते.

सोमवारी काही नाही.
मंगळवारी गिरिजानं सगळं उकरून पाहिलं,
"झोपल्यात अजून," म्हणत परत झाकलं,
वर थोपटलंसुद्धा.

शनिवारी घेवडा मान वाकवून वर आला,
डोक्यावर अजून सालीचं टोपडं.
सगळी उकिडवी, गप्प.

संग्राम मात्र रांगेच्या टोकाला,
जिथं काहीच नाही तिथं
ओंजळीनं पाणी नेतोय.
निम्मं वाटेतच सांडतंय.

धणे आम्ही वाफ्यात टाकले होते.
कोथिंबीर आली
ती त्या वाटेवर.